साठ हजारांचा एक दिवस

प्रश्न : आमचा मुलगा न्यू जर्सीला असतो. या खेपेला आम्ही तिकडे गेलो की आम्हा दोघांना, सुनेला, पाच वर्षांच्या नातवाला आणि अडीच वर्षांच्या नातीला घेऊन तो चार दिवस फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जायचे म्हणतोय. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्पच बसलो. जाऊन आलेले लोक सांगतात, अख्खा दिवस रांगेत गेला. आणि लगेच तेच लोक म्हणतात, पण एकदा जायलाच हवे! यातले खरे काय धरायचे? एवढे पैसे वसूल होतात का?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबांनी ज्या दोन वाक्यांवर बोट ठेवले आहे ती एकमेकांना खोडतात असे वाटते खरे, पण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. कशी, ते पुढे येईलच. आधी आकड्याकडे बघू, कारण घरात शांतता पसरली ती आकड्याने.

डिस्ने वर्ल्डच्या एका पार्कचे एका दिवसाचे तिकीट तारीख आणि पार्क पाहून बदलते. मोठ्या माणसाला ते साधारण १२० डॉलरांपासून गर्दीच्या दिवसांत २०० डॉलरांच्या घरात जाते. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे नात फुकट. नातवाचे तिकीट लहान मुलाचे, पण ते मोठ्यांपेक्षा काही डॉलरांनीच कमी. मूल दहा वर्षांचे झाले की तेही पूर्ण. मधला १५० डॉलरांचा भाव धरला तरी पाच तिकिटांचे ७५० डॉलर होतात, म्हणजे साठ हजारांहून जास्त रुपये. एका दिवसाचे, आणि तेही फक्त दारातून आत जाण्याचे. दिवस वाढवले की रोजचा भाव उतरत जातो हे खरे. पण तो उतरतो तो तिकिटाचा. हॉटेल आणि जेवण चौथ्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकेच लागते. स्वस्त पडणारा चौथा दिवस महाग पडतो तो असा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डॉलरचे रुपये करून सांगलीच्या पेन्शनशी ताडून पाहिले तर अमेरिकेत साधी कॉफीसुद्धा घशाखाली उतरणार नाही. मुलगा कमावतो डॉलरमध्ये, खर्च करतो डॉलरमध्ये. तेव्हा तुलना करायची ती त्याच पैशांत त्या घराला दुसरे काय मिळाले असते याच्याशी. विमान, हॉटेल, खाणेपिणे धरून सहा जणांचा असा दौरा सहज पाच-सहा हजार डॉलरांपर्यंत जातो. साधारण तेवढ्यात मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडे गणपतीला सांगलीला येऊन जाऊ शकतात. हा पर्याय मुलापुढे मोकळेपणाने ठेवायला हरकत नाही. तो ‘दोन्ही करू’ म्हणाला तर प्रश्न मिटलाच.

आता रांगेकडे येऊ. लोकांना वाटते रांग म्हणजे ढिसाळ कारभार. डिस्नेच्या बाबतीत तसे नाही. रांग हा तिथल्या दराचाच एक भाग आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कॅलिफोर्नियातले मूळ डिस्नेलँड १९५५ साली उघडले तेव्हा मोठ्यांना दारात एक डॉलर पडे आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे तिकीट असे, आपल्या जत्रेत पाळण्याचे वेगळे आणि मौत का कुआँचे वेगळे असते तसेच. थोड्याच महिन्यांत तिकिटांची पुस्तिका निघाली. ‘ए’ वर्गाचे तिकीट घोड्यांच्या चक्रासारख्या साध्या खेळांना. १९५९ साली मॅटरहॉर्नचा रोलर कोस्टर आला तेव्हा सर्वांत भारी खेळांसाठी ‘ई’ वर्ग सुरू झाला. या पद्धतीत माणूस आपोआप विचार करतो. शेवटचे ‘ई’ तिकीट उरले असेल तर ते कुठे खर्चायचे याचा घरात खल होतो.

१९७१ साली, म्हणजे फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड उघडले त्याच वर्षी, वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडच्या तिकिटांना धरून एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. त्याचा प्रश्न असा : अशा मालकाने दारात जास्त घ्यावे की खेळागणिक? ढोबळ उत्तर असे की खेळ जवळजवळ खर्चाच्या भावात द्यावेत आणि गिऱ्हाइकाला दिवसभरात जी मजा मिळणार तिची किंमत दारातच वसूल करावी. डिस्नेने १९८२ मध्ये पुस्तिका बंद केल्या आणि सगळा भार दारावर टाकला.

याचा परिणाम काय झाला? आत गेल्यावर पुढचा प्रत्येक खेळ फुकट झाला. आणि फुकट गोष्ट पैशाने वाटली जात नाही तेव्हा ती वेळाने वाटली जाते. एखाद्या राइडमध्ये तासाला १,२०० माणसे बसू शकतात आणि पुढे १,५०० उभी आहेत, तर तुमची पाळी सव्वा तासाने येणार. मग कारभार कितीही चोख असो. शिवाय सगळ्या राइडची क्षमता सारखी नसते. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये होड्या एकामागून एक सुटतच राहतात, म्हणून ती रांग लांब दिसली तरी सरकते. उडणाऱ्या डंबो हत्तीची गोष्ट उलटी. बैठका मोजक्या, फेरी जेमतेम दीड-दोन मिनिटांची, आणि प्रत्येक फेरीला सगळे उतरवून पुन्हा सगळे चढवायचे. रांग आखूड दिसते म्हणून तिथे उभे राहणारे फसतात ते यामुळेच.

डिस्नेलाही हे ठाऊक होते. २०१२ मध्ये फ्लोरिडात डंबोचे एकाऐवजी दोन पाळणे केले आणि शेजारी तंबूत मुलांना खेळायची जागा करून दिली, पाळी येईपर्यंत तिथे बागडावे म्हणून. रिकामे बसून काढलेला वेळ कामात गेलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो, हे व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ च्या एका लेखात नीट मांडले होते. डंबोचा तंबू म्हणजे त्याचेच बांधकाम. मुले खेळतात, आईबाप घड्याळ बघत नाहीत आणि रांग तेवढीच राहते.

गमतीचा भाग पुढेच आहे. १९९९ मध्ये डिस्नेने ठरावीक वेळेला येऊन छोट्या रांगेतून जाण्याची सोय सुरू केली. ती फुकट होती. २०२१ मध्ये तिला पैसे लागू झाले. आज ती ‘लाइटनिंग लेन’ नावाने मिळते, तिचा भाव तारीख आणि पार्क पाहून चढतो-उतरतो, आणि सर्वांत गाजलेल्या राइडचे पैसे तर सुटे वेगळे द्यावे लागतात. म्हणजे दाराचे तिकीट आहेच, वर ‘ई’ वर्गही परत आला, फक्त त्याचा कागद गेला. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकातही जादा पैशाच्या तिकिटाला वेगळी रांग आहेच.

‘आम्ही ते जादा पैसे देणार नाही, साध्या रांगेत उभे राहू,’ असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. समजा त्या १,२०० जागांपैकी ८०० पैसेवाल्या रांगेला दिल्या. साध्या रांगेला तासाला ४०० उरल्या. आता पुढे फक्त ५०० माणसे असली तरी सव्वा तास लागतोच. दुसऱ्याने घेतलेल्या सोयीचे पैसे आपण वेळात भरतो. म्हणून गर्दीच्या दिवशी मी एका पार्कपुरती तरी ती सोय घ्यावी या मताचा आहे, आणि ओस दिवशी मुळीच घेऊ नये.

ओस दिवस कोणते? शाळा उघडल्यानंतरचे. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, त्यामुळे ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात पार्क बरेच मोकळे असते. उकाडा असतो, वादळांचा मोसमही तोच, पण रांग लहान. नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा सर्वांत वाईट. मुलाला एक गोष्ट मुद्दाम सांगा. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, आणि त्या आठवड्यात इतके जर्सीकर ऑर्लँडोला लोटतात की डिस्नेच्या चाहत्यांनी त्याचे नावच ‘जर्सी वीक’ पाडले आहे. सगळ्यांना एकदम सुचलेली सोयीची तारीख कुणाच्याच सोयीची राहत नाही.

आता मूळ शंका : दिवस रांगेत गेला म्हणणारेच ‘जायला हवे’ का म्हणतात? मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसले की एखादा अनुभव आठवताना आपण त्याच्या सगळ्या मिनिटांची बेरीज करत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरच फार भर देतो. तो किती वेळ चालला याला जवळजवळ गुणच देत नाही. म्हणून सात तासांची रांग आठवणीत आक्रसते आणि नातवाने मिकीला मारलेली मिठी फुगते. ‘रांगेत गेला’ हे दिवसाचे वर्णन, ‘जायला हवे’ हे आठवणीचे. ते लोक खोटे बोलत नव्हते.

पण यातलाच शेवटाचा भाग लोक बिघडवून ठेवतात, आणि तो बिघडवते वसुलीची वृत्ती. एवढे पैसे भरलेत तर दार उघडल्यापासून आतषबाजीपर्यंत एक मिनिट सोडायचे नाही! दुपारी तीनला नात झोपेला आलेली, नातू रडकुंडीला, सून भुकेली, तरी पुढची राइड. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कात तर गाड्यांचा तळ तळ्याच्या पलीकडे आहे. आतषबाजी संपली की हजारो माणसे एकाच वेळी मोनोरेल नाहीतर बोट गाठायला निघतात. म्हणजे दिवसाचा शेवट पुन्हा रांगेत, खांद्यावर झोपलेले मूल घेऊन. दारात दिलेले ७५० डॉलर पाच राइड केल्या काय अन् पंधरा केल्या काय, परत येत नाहीत. ते गेले. आता फक्त दिवस उरला आहे. दुपारी हॉटेलवर जाऊन दोन तास झोपून संध्याकाळी परत यावे. त्याच तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत जाता येते. हे ‘पैसे फुकट घालवणे’ वाटते, पण रात्री कोणी रडत नाही.

मुलांच्या वयाबद्दलही दोन शब्द. अडीच वर्षांच्या नातीला यातले काही आठवणार नाही. साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचे मोठेपणी आपल्यापैकी बहुतेकांना आठवत नाही. नातवाला तुकडे आठवतील. शिवाय उंचीची पट्टी आडवी येते : फ्लोरिडातल्या स्पेस माउंटनला ११२ सेंटीमीटर उंची लागते आणि पाच वर्षांची बरीच मुले तिच्याखालीच असतात. ज्या राइडच्या नावाने तिकीट महाग झाले आहे त्यातल्या काही तुमच्या नातवाला बंदच. त्याच्यासाठी डंबो, होड्या आणि मिरवणूक पुरे, आणि त्याला दोन दिवस पुरे. चार दिवस मला जास्त वाटतात. केवळ मुलांसाठी जायचे असेल तर आणखी तीन वर्षे थांबणे शहाणपणाचे. तेव्हा नात साडेपाच वर्षांची असेल आणि नातू ती पट्टी ओलांडून गेला असेल.

मात्र तीन वर्षांनी आजोबांचे गुडघे काय म्हणतील हा प्रश्न उरतोच, आणि मला वाटते मुलाच्या मनातही तोच असावा. नातवंडे विसरतील, आजी-आजोबा विसरणार नाहीत. या दौऱ्याचे खरे गिऱ्हाईक कोण हे घरात एकदा ठरले की खर्च जास्त की कमी याचेही उत्तर बदलते. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली घोड्यांच्या चक्रावर बसलेल्या असताना आपण बाकावर रिकामे बसून होतो, तिथूनच आईबाप आणि मुले मिळून मजा करतील अशा जागेची कल्पना सुचली, असे वॉल्ट डिस्ने सांगत. तेव्हा तुम्ही बाकावर बसायला जात नाही आहात हे नक्की. दिवसाला सात-आठ किलोमीटर चाल होते, म्हणून चाकाची खुर्ची भाड्याने घ्यायला लाजू नका. पण विमानतळावर खुर्ची घेतली की सगळ्यांच्या पुढे जाता येते तसे इथे होईल असे समजू नका. बहुतेक राइडच्या रांगा खुर्ची जाईल एवढ्या रुंद केलेल्या आहेत, आणि खुर्चीसुद्धा त्याच रांगेत उभी राहते.

पत्राच्या तळाशी आजींनी वेगळ्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे : डबा नेऊ देतात का? देतात. आपल्याकडच्या अनेक पार्कांत दारातच पिशवी उघडायला लावून खाणे काढून ठेवतात, डिस्ने वर्ल्डमध्ये तसे नाही. दशम्या, पोळीचे रोल, चिवडा खुशाल न्या. पिण्याचे पाणी आत खाण्याच्या काउंटरवर मागितले की फुकट मिळते. मुख्य अटी तीन : काचेची बरणी चालत नाही, तिथे गरम करावे लागेल असे काही नको, आणि पदार्थाला उग्र वास नको. लोणचे प्लास्टिकच्या डबीत काढून घ्या. लसणाच्या चटणीचा निर्णय मात्र आजींनी घ्यावा.