मनोविकारग्रस्त बालकांचा निद्रानाश आणि औषधांचा विवेक

‘डॉक्टर, याला झोपेचे काही तरी लिहून द्या’ अशी विनंती स्वमग्न किंवा अतिचंचल बालकाची आई करते, तेव्हा बहुधा ती स्वतःही कित्येक रात्री झोपलेली नसते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप आवश्यक असते. ती पुरी झाली नाही की दुसऱ्या दिवशी हट्ट, चिडचिड आणि मारहाण वाढते व सारे घर शिणून जाते. ही विनंती म्हणूनच हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र चिठ्ठी लिहिण्यापूर्वी झोप का येत नाही, हे पाहिले पाहिजे.

पुष्कळदा कारण आपल्याच आधीच्या चिठ्ठीत सापडते. अतिचंचलतेसाठी दिलेले मेथिलफेनिडेट दुपारनंतर घेतले गेले, तर मूल मध्यरात्रीपर्यंत टक्क जागे राहते. तेथे दुसरे औषध वाढविण्याऐवजी पहिल्याची वेळ बदलावी. मूल घोरत असेल तर टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड पाहावेत. रात्री पाय सतत हलवीत असेल तर फेरिटिन तपासावे. ते ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असल्यास हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह देऊन पाहणे योग्य ठरते. किशोरवयीन मुलगा तीन-चार तास झोपूनही ताजातवाना, बडबडा दिसत असेल, तर तो निद्रानाश नसून उन्मादाची सुरुवात असू शकते. झोपेच्या गोळीने ती झाकली जाते.

सवयींचा भाग सांगण्यास सोपा, पण आचरण्यास कठीण. त्यातून रात्री अकराला सराफ्यात गर्दी करणारे आपले इंदूर! तरीही उठण्याची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवावी. मूल बाराला झोपत असेल तर त्याला नऊला अंथरुणावर डांबू नये. आधी बारालाच निजवावे आणि दर काही दिवसांनी ती वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणावी.

घरातील कपाटात असलेल्या सर्दीच्या सिरपबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. ‘चमचाभर दिले की निजतो’ हे आजीचे म्हणणे पहिल्या काही रात्रींपुरते खरे असते. मग सवय जडते, आणि काही मुले त्याने उलट अधिकच उसळतात. दोन वर्षांखालील मुलांत प्रोमेथाझिनमुळे श्वसन मंदावण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा अमेरिकेने २००४ साली दिला. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना भारतीय औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढली.

एवढे करूनही झोप येत नसेल तर मेलॅटोनिनचा विचार प्रथम करावा. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही स्वमग्न मुलांसाठी आधी वर्तनोपचार व नंतर मेलॅटोनिन असाच क्रम आहे. एक मिलिग्रॅमपासून, झोपण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी द्यावे. मात्र आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड गोळ्यांवर विसंबू नये. २०२३ साली अमेरिकेत अशी २५ उत्पादने तपासली असता २२ मधील प्रमाण वेष्टनाशी जुळले नाही. एकात तर मेलॅटोनिन नव्हतेच.

मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची चाल मला अजिबात मान्य नाही. अतिचंचल अशा २०१ मुलांवरील झोल्पिडेमची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुले लवकर झोपली नाहीत; उलट औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे सात जणांना भास झाले. केवळ झोपेसाठी रिस्पेरिडोन देणे म्हणजे वजन व रक्तशर्करा वाढविण्याची जोखीम पत्करणे होय. क्लोनिडिनचा काही मुलांना उपयोग होतो; पण रक्तदाब पाहूनच ते सुरू करावे आणि चिठ्ठीवर फेरतपासणीची तारीख घालावी. सुट्टीत गावी जाताना बाटली घरी राहिली आणि औषध एकदम थांबले, तर रक्तदाब उसळतो. हे आई-वडिलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.