परदेशी देणे आणि हुंडणावळ

आपल्या ट्रस्टच्या सभासद-कुटुंबांत परदेशी चलनात पैसे भरण्याचा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. कोणाच्या मुलीला परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची फी डॉलरमध्ये भरावयाची असते. कोणी साड्यांवरील नक्षी संगणकावर काढतो, त्याला त्या कामाच्या सॉफ्टवेअरचे मासिक भाडे द्यावे लागते. कोणाला आपल्या दुकानाच्या संकेतस्थळासाठी परदेशी कंपनीकडे जागा घ्यावी लागते. पैसे कार्डाने क्षणात जातात. महिनाअखेर खात्याचा उतारा येतो तेव्हा मात्र जाहीर किमतीहून अधिक रक्कम गेलेली दिसते, आणि ती का गेली हे नुसत्या उताऱ्यावरून सहसा उमगत नाही. हा वाढावा कशाचा, आणि त्यातला किती टाळता येतो, एवढेच या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

रक्कम लहान म्हणून तिकडे काणाडोळा करणे बरे नाही. नेहमीच्या कार्डावर हा वाढावा शेकडा ४ च्या घरात जातो. बचत खात्यावर आज बहुतेक मोठ्या बँका वर्षभरात याहून कमी व्याज देतात. म्हणजे बारा महिने राखलेल्या पैशावर जे मिळते त्याहून अधिक एका क्षणाच्या व्यवहारात जाते. उधना-लिंबायतेकडील ज्या घरांत मुलाच्या अर्जाची फी महिन्याच्या पगारातून बाजूला काढावी लागते, तेथे पाच-सहा विद्यापीठांचे अर्ज भरताना एवढ्या पैशांत जवळजवळ पावशा अर्जाची फी जाते.

सुरतेच्या माणसाला खरे पाहता हा विषय परका वाटू नये. सतराव्या शतकात या बंदरात नाण्यांची जी गर्दी होती तीत स्पेनचे रुप्याचे रियाल होते, मोगलांचे रुपये होते आणि महमुद्याही होत्या. यातील पुष्कळ महमुद्या बागलाणातल्या मुल्हेरच्या, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या टाकसाळीतून येत, हे खानदेश-बागलाणातून येथे येऊन राहिलेल्या आमच्या कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १६३८ साली बागलाण मोगलांच्या ताब्यात गेले, तरी महमुदीचा हिशेब सुरतेच्या बाजारात लगेच थांबला नाही. परकी रुपे टाकसाळीत नेऊन रुपये पाडून घ्यावेत, तर टाकसाळीचा आकार द्यावा लागे आणि पाळी येईपर्यंत तिष्ठत बसावे लागे. ज्याला थांबणे परवडत नसे तो सराफाकडे जाई. सराफ रोकड तत्काळ मोजी, पण परके नाणे थोड्या उतरत्या भावाने घेई. रुपयातसुद्धा चालू सालाचा शिक्का असलेला रुपया पुऱ्या किमतीस जाई आणि जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा बसे. सराफाचा नफा भावातच मुरलेला असे.

एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळण्याची सोय म्हणजे हुंडी, आणि त्या सोयीबद्दल जे पडे ती हुंडणावळ. पुढे आमच्या वर्तमानपत्रांनी परदेशी चलनाच्या दरालाही हाच शब्द लावला. आजच्या तरुण वाचकांना तो नवा वाटेल, पण ‘फॉरेक्स मार्कअप’ या शब्दाने जे सांगितले जाते ते हुंडणावळीहून फारसे वेगळे नाही. आणि तीही, जुन्या बट्ट्याप्रमाणे, बहुतेक वेळा दरातच लपलेली असते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हिऱ्याचा भाव जगभर डॉलरमध्ये होतो, त्यामुळे आपल्या शहरातील हिऱ्याचे दलाल आणि व्यापारी डॉलरच्या दरातील पाच-दहा पैशांवरही घासाघीस करतात. त्याच घरातील मुलगा रात्री कार्डाने शंभर डॉलर भरतो तेव्हा डॉलरमागे तीन-साडेतीन रुपये जादा गेले तरी कोणी विचारीत नाही.

आता हिशेब पाहू. बँकांनी आपसात डॉलर घेण्या-विकण्याचा जो दर असतो तो बाजाराचा मूळ दर. २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी असा संदर्भ-दर जाहीर करते. त्यापूर्वी ते काम रिझर्व्ह बँक स्वतः करी. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्या आपला त्या दिवसाचा दर आपापल्या संकेतस्थळावर दाखवितात, आणि तो मूळ दराच्या बराच जवळ असतो. त्याच्यावर आपली बँक मार्कअप घेते. पुष्कळ कार्डांवर तो शेकडा २ ते ३॥ असतो. मार्कअपवर पुन्हा शेकडा १८ प्रमाणे जीएसटी बसतो. समजा डॉलर ९० रुपयांना आहे आणि १०० डॉलर भरावयाचे आहेत. मूळ रक्कम ९,००० रुपये. शेकडा ३॥ प्रमाणे मार्कअप ३१५ रुपये, त्यावर जीएसटी ५६ रुपये ७० पैसे. एकूण वाढावा ३७१ रुपये ७० पैसे, म्हणजे शेकडा ४.१३. कार्ड शेकडा २ मार्कअपचे असते तर हाच वाढावा २१२ रुपये ४० पैसे झाला असता. काही बँकांची कार्डे तर मार्कअप मुळीच घेत नाहीत. मात्र त्यांची वार्षिक फी किती ते आधी पाहावे. वर्षातून दोनदा शंभर डॉलर भरणाऱ्याने हजार रुपये फीचे कार्ड घेण्यात अर्थ नाही.

याच जागी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी कंपनी भारतातील घरगुती गिऱ्हाइकाला संगणकावरून सेवा विकते तेव्हा तिने आपल्या बिलात शेकडा १८ जीएसटी लावावयाचा असतो. २०१७ च्या जुलैपासून हा कायदा आहे. तो बिलावर दिसतो आणि तो सरकारचा कर आहे. पुष्कळजण त्याला बँकेचा आकार समजून बँकेशी वाद घालतात. कार्ड बदलल्याने तो चुकत नाही.

सर्वांत अधिक लोक फसतात ते एका साध्या प्रश्नापाशी. पैसे भरण्याच्या पानावर, किंवा परदेशातील दुकानाच्या यंत्रावर, विचारणा होते की रक्कम डॉलरमध्ये घ्यावी की रुपयांत. रुपया आपला, आकडा कळण्यासारखा, म्हणून हात आपोआप रुपयाकडे जातो. पण असा पर्याय दिला असता डॉलरचे रुपये कोणी केले हे विचारले पाहिजे. ते विक्रेत्याने, किंवा त्याच्या बाजूच्या बँकेने, आपल्या दराने केलेले असतात, आणि तो दर मूळ दरापेक्षा बराच चढा असू शकतो. समजा तो शेकडा ५ ने चढा आहे: ९,००० चे ९,४५० झाले. बरे, रुपयांत दिले म्हणून आपली बँक तरी गप्प बसते का? विक्रेता परदेशी असल्याने अनेक बँका अशा रुपयांच्या व्यवहारावरही शेकडा १ च्या आसपास आकार आणि त्यावर जीएसटी लावतात. म्हणजे आणखी १११ रुपये ५१ पैसे. एकूण ९,५६१ रुपये ५१ पैसे. डॉलरमध्येच घ्या असे सांगितले असते तर महागड्या कार्डावरही ९,३७१ रुपये ७० पैसेच गेले असते. तेव्हा असा प्रश्न समोर आला की विक्रेत्याचे मूळ चलन निवडावे.

याचा अर्थ रुपयातील प्रत्येक किंमत वाईट असा मात्र नव्हे. कित्येक मोठ्या कंपन्यांनी भारतासाठी रुपयांत वेगळी किंमत ठरविली आहे आणि त्यांचे बिलही भारतातील कंपनीकडून निघते. तेथे यूपीआयनेही पैसे भरता येतात आणि चलन बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खाते उघडताना देश भारत लिहिला आहे ना, हे पाहावे. बिलावर कंपनीचा पत्ता कोठला आहे एवढे वाचले की दोहोंतील फरक कळतो.

महिन्याला २० डॉलर म्हणजे वर्षाला २४०. ९० च्या दराने ते २१,६०० रुपये होतात, आणि शेकडा ४.१३ प्रमाणे वर्षाचा वाढावा ८९२ रुपये. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास कंपनी सूट देत असेल तर ती घ्यावी, पण एकदम भरल्याने मार्कअप कमी होत नाही, कारण तो शेकड्यावर आहे. दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमांविषयी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पैसे जाण्यापूर्वी निदान २४ तास आधी बँकेने सूचना दिली पाहिजे, आणि ग्राहकाला ती परवानगी केव्हाही रद्द करता येते. ही सूचना वाचण्याची सवय घरात लावावी. वापर बंद झालेल्या सेवेचे भाडे मार्कअपसह जात राहिल्याची उदाहरणे आमच्या परिचयात थोडीथोडकी नाहीत. शिवाय एकदा गेलेली रक्कम कंपनीने परत केली तरी ती परतीच्या दिवसाच्या दराने येते, आणि आधी घेतलेला मार्कअप बहुधा परत मिळत नाही.

मोठ्या रकमेची गोष्ट वेगळी. विद्यापीठात जागा राखण्यासाठी हजार-दोन हजार डॉलर पाठवावयाचे तर कार्डापेक्षा बँकेमार्फत तार-हस्तांतरण, ज्याला बँकेत टीटी म्हणतात, ते बहुधा स्वस्त पडते. येथे आकार ठोक असतो, म्हणून दोन हप्त्यांऐवजी एकदाच पाठविणे हिताचे. मात्र ठोक आकाराकडे पाहून समाधान मानू नये. २,००० डॉलरवर बँकेचा दर मूळ दरापेक्षा १ रुपया २० पैसे चढा असेल तर २,४०० रुपये तेथेच गेले, आणि पाचशे रुपये कमी आकार घेणाऱ्या बँकेची स्वस्ताई कोठल्या कोठे उडाली. बँकेला ‘टीटी सेलिंग’ दर विचारावा, आणि त्या दराने सर्व आकार धरून खात्यातून एकूण किती रुपये जातील हे लेखी घ्यावे. दोन-तीन बँकांचे असे एकूण आकडे शेजारी मांडले की निर्णय करणे सोपे जाते. रक्कम मोठी असल्यास शाखाधिकाऱ्याशी बोलून दरात काही पैसे उतरवून घेता येतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा ‘एफएक्स-रिटेल’ हा मंचही आहे. त्यावर सामान्य ग्राहकालाही आपल्या बँकेमार्फत बाजारभावाच्या जवळ डॉलर घेता येतात. आपली बँक त्यात आहे का, हे विचारून पाहावे.

आणखी एक अडचण वाटेतल्या बँकांची. आपली बँक आणि विद्यापीठाची बँक यांच्यामध्ये एखादी तिसरी बँक असते, आणि ती आपला आकार रकमेतूनच कापून घेते. ट्रस्टच्या शिक्षण-मदतीतून शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याची रक्कम याच कारणाने वीस डॉलर कमी पोहोचली. विद्यापीठाने फी अपुरी म्हणून प्रवेश अडवून धरला, आणि ते वीस डॉलर पाठविण्यासाठी टीटीचा सारा आकार दुसऱ्यांदा भरावा लागला. अर्जावर ‘सर्व आकार पाठविणाऱ्याकडे’ असा पर्याय असतो, त्याला बँकेच्या भाषेत ‘अवर’ म्हणतात. फी भरताना तो निवडण्यास विसरू नये, थोडे अधिक पडले तरी.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की बँकेची कटकटच नको. येथे कोणाला रुपये द्यावेत आणि तिकडे त्याच्या माणसाने डॉलर भरावेत. ज्या शहरात आंगडियाच्या विश्वासावर लाखोंचा माल जातो तेथे ही कल्पना सुचणे अगदी साहजिक आहे. परंतु ही सरळ हवाल्याची वाट झाली. १९९९ च्या फेमा कायद्याखाली अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पैसे कोठून आले याचा कागद हाती राहत नसल्याने विद्यार्थ्याच्या व्हिसाच्या वेळी उत्तर देता येत नाही. कायद्याने प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत पाठविण्याची मोकळीक दिलेली आहे. एकूण रक्कम दहा लाख रुपयांवर गेली की बँक काही प्रसंगी कर आगाऊ कापते. तो आयकराच्या हिशेबात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

परदेशी व्यवहाराची सोय कार्डावर नेहमी चालू ठेवण्याचे कारण नाही. २०२० पासून नवी कार्डे मुळात ही सोय बंद ठेवूनच दिली जातात, आणि ती चालू-बंद करणे व तिची मर्यादा ठरविणे हे बँकेच्या मोबाइलवरील ॲपमधून दोन मिनिटांत होते. फी भरण्यापूर्वी तेवढ्याच रकमेची मर्यादा घालावी, पैसे गेल्याचा संदेश आला की सोय बंद करावी, आणि उताऱ्यात ती रक्कम उमटली म्हणजे त्या दिवसाचा कार्ड-कंपनीचा दर लिहून काढून मार्कअप किती लागला तो स्वतः मोजावा. बँकेने सांगितलेल्या शेकड्याशी तो जुळला नाही, तर व्यवहाराची तारीख आणि रक्कम लिहून बँकेकडे तपशील मागावा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.