कॉर्नवॉलच्या खाणींतील उघडी वही

एखादी चांगली युक्ति सुचली कीं ती आपल्यापुरती झांकून ठेवावी, असें मनुष्यास स्वभावतःच वाटतें. गणिताची सोपी रीत सांपडलेला विद्यार्थी परीक्षेपर्यंत आपली वही मिटून ठेवतो, आणि कुशल कारागीर आपली हातोटी घराबाहेर जाऊं देत नाहीं. या झांकाझांकीनें खरोखर कोणाचा लाभ होतो? या प्रश्नाचें उत्तर नुसत्या उपदेशानें न देतां, इंग्लंडच्या इतिहासांत घडलेल्या एका गोष्टीवरून शोधण्याचें आम्ही योजिलें आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. तेथें तांबें व कथील यांच्या खोल खाणी होत्या. खाण जितकी खोल, तितकें तींत पाणी अधिक. आणि तें उपसल्यावांचून काम चालणें अशक्य. हा उपसा वाफेच्या इंजिनानें होई. परंतु त्या परगण्यांत कोळसा नाहीं. तो वेल्समधून समुद्रमार्गें आणावा लागे व फार महाग पडे. म्हणून थोड्या कोळशांत पुष्कळ पाणी उपसणारें इंजिन मिळणें हा तेथील खाणींच्या जीवनमरणाचा प्रश्न होता.

जेम्स वॅट यानें इंजिनांत मोठी सुधारणा करून 1769 मध्यें तिचें पेटंट मिळविलें, आणि 1775 च्या कायद्यानें त्याची मुदत 1800 पर्यंत वाढली. जुन्या इंजिनाच्या मानानें जो कोळसा वांचे, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा वॅट व त्याचा भागीदार बोल्टन यांस द्यावा लागे. वॅटची बुद्धि थोर होती, व तिचा मोबदला मागण्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु दुसऱ्यांनीं आपल्या कल्पनेनें इंजिनें बांधूं जातांच कज्जे उभे राहत, आणि सुधारणेचें पाऊल अडे. पेटंट संपल्यावर सर्व सुरळीत होईल, अशी आशा होती. पण झालें उलटेंच. बोल्टन व वॅट यांचीं माणसें निघून गेलीं, इंजिनांची निगा राहिली नाहीं, आणि एका खाणीवर काय चाललें आहे तें दुसरीस कळेना. यावरून दिसतें कीं, केवळ मनाई उठल्यानें ज्ञान पसरत नाहीं. तें पसरविण्याची व्यवस्था करावी लागते.

ती व्यवस्था 1811 मध्यें झाली. कांहीं खाणवाल्यांनीं जोएल लीन नांवाच्या अनुभवी खाणप्रमुखाकडे इंजिनांची पाहणी करून दरमहा अहवाल प्रसिद्ध करण्याचें काम सोंपविलें. प्रत्येक इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास, पंपाची खोली, दर मिनिटाच्या फेऱ्या, जळलेला कोळसा आणि इंजिनिअरचें नांव, हें सर्व त्यांत येई. सर्वांस माप एकच असे : एक बुशेल, म्हणजे सुमारें 40 किलो, कोळशानें किती पौंड पाणी एक फूट उंच चढलें? लीन 1812 मध्यें वारला. पण त्याच्या मुलांनीं काम पुढें चालविलें, आणि हा अहवाल 1904 पर्यंत निघत राहिला.

या उघड्या वहीचा परिणाम लवकरच दिसूं लागला. 1812 मध्यें रिचर्ड ट्रेव्हिथिक यानें व्हील प्रॉस्पर या खाणीवर अधिक दाबाच्या वाफेचें नवें इंजिन उभारलें, व त्याचें पेटंट घेतलें नाहीं. इतर इंजिनिअरांनीं तें पाहिलें, तपासलें आणि त्यांत आपापली भर घातली. सॅम्युएल ग्रोस यानें सिलिंडर व वाफेच्या नळ्या यांस जाड आवरण घालून वायां जाणारी उष्णता वांचविली; त्याचा लाभ आंकड्यांत दिसतांच इतरांनींही तसेंच केलें. अहवाल निघूं लागले तेव्हां सरासरी काम 2 कोटी पौंडांच्या आंत होतें. 1840 नंतर तें 6 कोटींच्या आसपास गेलें. 1835 मध्यें विल्यम वेस्ट याच्या इंजिनानें फोई कन्सॉल्स या खाणीवरील कसोटीच्या वेळीं 12 कोटी 50 लाखांचा आंकडा गांठला! हें कोणा एकाच्या बुद्धीचें फळ नव्हतें. अनेकांच्या लहान लहान सुधारणा एकावर एक चढत गेल्या होत्या.

तथापि हे लोक सर्वस्वी निःस्वार्थी होते, असें आम्ही म्हणत नाहीं. एकाच धनिकाचे भाग अनेक खाणींत असत. म्हणून शेजाऱ्याचा कोळसा वांचला तर त्याचें नुकसान होत नसे. इंजिनिअराचें नांव आंकड्यांसह छापलें जाई. त्यामुळें ज्याचें काम चांगलें, त्यास नवीं कामें मिळत. आणि मापणारा मनुष्य तिऱ्हाईत असल्यामुळें बढाईस जागा उरत नसे.

या चित्रास एक काळी बाजूही आहे. ट्रेव्हिथिकच्या कल्पनांनीं खाणींचा अपार कोळसा वांचला. पण त्यानें 1828 मध्यें पार्लमेंटकडे केलेला मदतीचा अर्ज फळास आला नाहीं, आणि 1833 मध्यें तो दारिद्र्यांतच मरण पावला. दक्षिण अमेरिकेंतील त्याचें नुकसानही यास कारण झालें, हें खरें. तरीही, जो मोकळ्या हातानें देतो त्याची चिंता समाजानें वाहिलीच पाहिजे, हें या गोष्टीवरून विसरतां येत नाहीं.

हीच रीत पुढें संगणकाच्या क्षेत्रांत फळास आली. 1991 मध्यें हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्यानें संगणक चालविणारा आपला अपुरा प्रोग्रॅम सर्वांपुढें ठेवला व सूचना मागविल्या. देशोदेशींच्या अनोळखी लोकांनीं त्यांतील चुका दाखविल्या व नवे भाग रचून पाठविले. तोच आजचा लिनक्स. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं तोच आहे, आणि 2017 पासून जगांतील पहिले 500 महासंगणकही त्यावरच चालतात.

विद्यार्थिमित्रहो, विज्ञानप्रदर्शनाकरितां उपकरण तयार करतांना एवढें ध्यानांत धरा. आपलीं मापें व फसलेले प्रयोगही वहींत लिहा. ती वही दुसऱ्यास पाहूं द्या. आणि ज्याची सूचना घेतली, त्याचें नांव न विसरतां नोंदा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें आपली युक्ति सोबत्यास सांगितली म्हणून त्यास भोळा म्हणूं नये. बुशेल हें मूळचें धान्याचें माप. दिवा लावून मापाखालीं झांकूं नये, हा प्रभूचा उपदेश आपण अनेकदां ऐकिला आहे. कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनीं त्याच मापानें कोळसा मोजला आणि दिवा मात्र उघड्यावर ठेवला!