केळीच्या पाचोळ्यातील कवचधारी जीव

रावेर-यावलच्या पट्ट्यात घड उतरविल्यानंतर बांधावर टाकलेला केळीचा खांब उलटून पाहावा. त्याखाली राखी रंगाचे, चपटे, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचे जीव उजेड टाळण्यासाठी सैरावैरा पळताना दिसतात. काहीजण त्यांस वाणीची पिले समजतात, पण हा समज बरोबर नाही. वाणीच्या शरीरातील बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. या जीवाला एकूण सातच. तो कीटकही नव्हे. खेकडा व झिंगा यांच्या कवचधारी वर्गातील, परंतु जमिनीवर कायमचा वस्तीस आलेला हा आयसोपॉड होय. त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती जगभरात नोंदल्या गेल्या आहेत.

जमिनीवर आला तरी त्याचा पाण्याशी संबंध तुटलेला नाही. पोटाखालील पातळ पट्ट्यांतून तो श्वास घेतो व त्या ओलसर राहाव्या लागतात. मादी अंडीदेखील छातीखालच्या द्रवयुक्त पिशवीत वाहते. कीटकांसारखे ओल धरून ठेवणारे मेणाचे आवरण त्याच्या अंगावर नसते. साहजिकच त्याचा अधिवास ओलाव्यावरून ठरतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, काळी जमीन भेगाळते. तेव्हा दगडांखालची माती, विहिरीचे बांधकाम, शेणखताचा ढीग आणि सातपुड्यातील दाट पालापाचोळा हेच अशा जीवांचे आसरे. पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस ही निळसर छटेची जाती तर खतांच्या ढिगांबरोबर माणसामागून जगभर पसरली आहे. उलट, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील हेमिलेपिस्टस हा जीव जमिनीत बीळ खणून सहकुटुंब राहतो!

कुजका पाला हे त्याचे मुख्य अन्न. तो पाला बारीक करतो. पुढचे काम जीवाणू व बुरशी करतात. ओलसर वाफ्यात क्वचित कोवळी रोपे कुरतडतो, एवढाच त्याचा उपद्रव. केळीचा पाला व कपाशीच्या पऱ्हाट्या पेटविल्या की मात्र आसरा आणि अन्न दोन्ही एकदम जातात. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत हे खरेच. पण त्यांची कुट्टी करून व्यवस्थित कुजविल्यास आगीची गरज उरत नाही. ग्रामपंचायतीच्या खतखड्ड्यासाठी हा माल विनामूल्य मिळू शकतो.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग करता येईल. थाळीच्या अर्ध्या भागात ओला व अर्ध्यात कोरडा टीपकागद अंथरून मध्यभागी दहा जीव सोडावेत, वर झाकण ठेवावे. पंधरा मिनिटांनी कोणत्या बाजूस किती आहेत हे विद्यार्थ्यांनी मोजावे आणि नंतर ते होते तेथेच सोडून द्यावेत.