गिटारचा आर्पेजिओ आणि गंधाराचे कोडे



समजा, तुम्ही कोरेगावात राहता. घरात एक जुनी गिटार आली आहे आणि सोबत ती शिकवणारे एक पुस्तक आहे. शिकवणारे ओळखीचे कोणी नाही. तुम्ही पुस्तकातील आकृतीप्रमाणे बोटे ठेवता, मोबाइलवरील ट्यूनर पाहून तारा जुळवता आणि सांगितलेल्या क्रमाने त्या छेडता. सारे पुस्तकाबरहुकूम झाले, तरी एक स्वर कानाला टोचतो. मग मनात येते, ‘आपला कानच कच्चा असावा, नाहीतर गिटार तरी वाईट असावी.’ अशा विचाराने कित्येकांची गिटार चार महिन्यांत माळ्यावर जाते. कान कच्चा आहे की गिटार वाईट, याचा निकाल आज आपण प्रयोगाने लावू.

आर्पेजिओ म्हणजे काय ?

गिटारवर तीन-चार स्वर एकदम वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात. तेच स्वर एकामागून एक छेडले आणि प्रत्येक तार पुढची वाजेपर्यंत घुमत ठेवली, की झाला आर्पेजिओ. इटालियन भाषेत ‘आर्पा’ म्हणजे हार्प हे तंतुवाद्य. त्याच्या तारा अशाच ओळीने छेडतात, म्हणून हे नाव पडले.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. तंबोऱ्याच्या चार तारा आपण एकदम वाजवत नाही. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज अशा एकेक छेडतो. आधीच्या तारेचा नाद विरण्यापूर्वी पुढची तार बोलते. गिटारच्या आर्पेजिओत हेच घडते. फरक इतकाच, की गिटारवर कॉर्ड बदलत जाते आणि तंबोऱ्यावर षड्ज कायम राहतो. हा फरक लक्षात ठेवा. कोड्याचे उत्तर त्यातच आहे.

पुस्तकातील खुणा

पुस्तकात तारांना क्रमांक असतात. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. उजव्या हाताच्या बोटांसाठी पी, आय, एम, ए ही अक्षरे असतात. ती स्पॅनिश शब्दांची आद्याक्षरे आहेत : अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिका. करंगळीला सहसा काम नसते.

मौरो जूलियानी या इटालियन वादकाने १८१२ साली व्हिएन्नात गिटारच्या अभ्यासाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात उजव्या हातासाठी १२० आर्पेजिओ आहेत, पण डाव्या हाताला मात्र दोनच कॉर्ड. एका हाताचे काम अगदी सोपे ठेवले, म्हणजे सारे लक्ष दुसऱ्या हाताकडे देता येते. पुस्तकावरून शिकणाऱ्याने ही युक्ती जरूर उचलावी.

आपणही अशीच एक सोपी कॉर्ड घेऊ. तिचे नाव जी. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यामागे एक बोट ठेवा. चौथी, तिसरी व दुसरी तार मोकळी सोडा. आता अंगठ्याने सहावी, तर्जनीने चौथी, मध्यमेने तिसरी आणि अनामिकेने दुसरी तार छेडा. ट्यूनरने जुळवलेल्या गिटारवर त्यांची कंप्रता, म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, अशी येते :

सहावी तार (तिसरा पडदा) : ९८.० — सा
चौथी तार : १४६.८ — प
तिसरी तार : १९६.० — वरचा सा
दुसरी तार : २४६.९ — ग

पहिल्या तीन संख्यांचे प्रमाण जवळजवळ २ : ३ : ४ आहे. मग चौथी संख्या ५ च्या प्रमाणात, म्हणजे २४५ यायला हवी. ती आली २४६.९ ! तुम्हाला टोचणारा स्वर हाच. गिटारचा गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा किंचित चढा आहे, आणि तुमच्या कानाने तो बरोबर पकडला.

कानाने मोजण्याचा प्रयोग

ताणलेली तार नुसती संपूर्णपणे कंप पावत नाही. ती दोन, तीन, चार, पाच समान भागांतही त्याच वेळी कंप पावते. म्हणून मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट व पाचपट कंप्रतेचे स्वरही तिच्या नादात मिसळलेले असतात.

तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे, म्हणजे तारेच्या एक पंचमांश लांबीवर, बोट हलकेच टेकवा; तार दाबू नका. तार छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा बारीक स्वर येईल. तो मूळ स्वराच्या पाचपट, म्हणजे सुमारे ९८० कंपनांचा आहे. आता दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याच्या बरोबर वर, म्हणजे एक चतुर्थांश लांबीवर, तसेच करा. हा स्वर चौपट, म्हणजे सुमारे ९८८ चा. दोन्ही स्वर एकत्र घुमू द्या. आवाज थरथरताना ऐकू येईल. या लहान-मोठे होण्याला विस्पंद म्हणतात. एका सेकंदातील विस्पंदांची संख्या ही दोन कंप्रतांतील फरकाइतकी असते; येथे ती आठाच्या आसपास आहे.

आता दुसऱ्या तारेची खुंटी अगदी थोडी सैल करा. थरथर मंदावत जाईल आणि एका क्षणी थांबेल. दुसरी तार आता २४५ वर आली. पुन्हा जी कॉर्डचा आर्पेजिओ वाजवा. चारही स्वर कसे एकजीव होतात पाहा !

मग सगळेच असे का जुळवीत नाहीत ?

आनंदात लगेच पुढच्या धड्यातील सी ही कॉर्ड वाजवून पाहा. पाचव्या तारेवर तिसरा पडदा, चौथीवर दुसरा, दुसरीवर पहिला. तिसरी व पहिली तार मोकळी. यात पाचव्या तारेचा स्वर १३०.८ आणि दुसऱ्या तारेचा त्याच्या दुप्पट, २६१.६ हवा. पण दुसरी तार आपण उतरवली आहे, म्हणून तिच्यावर जेमतेम २५९.६ येतो. आता एकाच नावाचे दोन स्वर आपसात भांडतात ! एक कॉर्ड सुधारली आणि दुसरी बिघडली.

याचे मूळ साध्या गुणाकारात आहे. शुद्ध गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५ : ४, म्हणजे १.२५. अशा तीन पायऱ्या एकावर एक रचल्या तर १.२५ × १.२५ × १.२५ = १.९५३. सप्तक पुरे व्हायला २ हवेत. शुद्ध गंधाराच्या पायऱ्यांनी सप्तकाचा जिना पुरा होतच नाही ! म्हणून गिटारवर सप्तकाचे १२ अगदी सारखे भाग करतात आणि प्रत्येक पायरी १.०५९५ पट ठेवतात. यात पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, गंधार मात्र थोडा चढतो. कोणतीही कॉर्ड पूर्ण शुद्ध नसते, पण कोणतीही फार वाईटही वाजत नाही. ही तडजोड आहे, दोष नव्हे.

पडद्यांच्या जागा याच हिशोबाने ठरतात. तारेच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचे. ६५० मिलीमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा वरच्या पट्टीपासून ३६.५ मिलीमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट या वाद्याचे वादक होते. त्यांनी १५८१ साली आपल्या ग्रंथात पडद्यांसाठी १८ : १७ हे सोपे प्रमाण सुचवले होते. आजच्या आकड्याच्या ते किती जवळ आहे !

कोरेगावहून रेल्वेने थेट मिरजेला जाता येते. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे व सतारी घडत आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या पाचव्या भागातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो. त्यासाठी वेगळी तार लागत नाही. सतारीचे पडदे सरकवता येतात, म्हणून रागाप्रमाणे स्वर नेमका लावता येतो. या वाद्यांना एकाच षड्जाशी इमान राखायचे असते. गिटारला अनेक कॉर्डना न्याय द्यायचा असतो, आणि तिचे पडदे पक्के बसवलेले असतात.

सरावाचे चार नियम

१. दुसरी तार पुन्हा ट्यूनरप्रमाणे जुळवा. बोटे ठेवल्यावर प्रथम प्रत्येक तार एकेकटी वाजवा. एखादी ठसठशीत वाजत नसेल, तर बोट पडद्याच्या जवळ सरकवा.

२. लयीसाठी लंबक करा. सुतळीला एक लहान दगड बांधा. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत ९९ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर लंबक एका बाजूकडून दुसरीकडे एका सेकंदात जातो. ५६ सेंटिमीटर ठेवल्यास मिनिटाला ८० आणि २५ सेंटिमीटर ठेवल्यास १२० हेलकावे मिळतात. सुरुवात सर्वांत लांब सुतळीने करा. प्रत्येक हेलकाव्याला एकच तार छेडा.

३. सलग दहा वेळा चूक न होता वाजले, तरच सुतळी आखूड करा. हात जसे करतो तसेच शिकतो. घाईत केलेली चूकही सरावाने पक्की होते. एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे बरी.

४. कॉर्ड बदलताना लय थांबवू नका. थांबावे लागत असेल, तर सुतळी पुन्हा लांब करा.

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वरलेखन करून गायनाची पुस्तके छापली. पुस्तकातून संगीत शिकण्याची वाट आपल्याकडे अशी जुनी आहे. पुस्तक कोणती तार, कोणते बोट आणि कोणता क्रम हे सांगते. तो स्वर कसा वाजला, हे मात्र तुमच्या कानानेच सांगायचे असते. तेव्हा पुस्तक आणि कान यांचे पटले नाही, तर गिटार माळ्यावर टाकू नका. काय चालले आहे ते मोजून पाहा.

करून पाहा

१. तुमच्या गिटारच्या तारेची लांबी मोजा आणि पहिल्या पाच पडद्यांच्या जागा गणिताने काढा. प्रत्यक्ष मापांशी ताडून पाहा.

२. विन्चेन्झो गॅलिलींच्या प्रमाणाने ६५० मिलीमीटरच्या तारेवर बारावा पडदा कोठे येईल ? तो मध्यापासून किती दूर पडेल ?

३. शुद्ध पंचमाचे प्रमाण १.५. गिटारवरचा पंचम सात पायऱ्यांवर असतो. १.०५९५ ला सात वेळा गुणून दोहोंतील फरक काढा. गंधाराच्या मानाने पंचम का टोचत नाही, ते सांगा.