स्थानिक किंमत आणि भंगारचा काटा

‘स्थानिक किंमत’ हे शब्द वाचूनच तुमच्यापैकी निम्मे जण पान उलटणार, याची मला कल्पना आहे. ज्यांना एम-थ्रीमधला लाप्लास पोटापुरता जमतो त्यांना एकक-दशक काय सांगायचं! पण एन.एस.एस.तर्फे गेली दोन सत्रं दर शनिवारी मी महापालिकेच्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवायला जातो, आणि आता ठामपणे सांगतो, लाप्लास शिकवणं यापेक्षा सोपं असावं.

सातवीच्या वर्गात ‘तीन हजार पाच’ लिहायला सांगा. पाच-सहा वह्यांत हमखास ३०००५ सापडेल. हा वेंधळेपणा नाही. पोरांनी ऐकलं तसं लिहिलं, तीन हजार म्हणजे ३००० आणि त्याच्यापुढे पाच. बोलताना आपण स्थान शब्दाने सांगतो, ‘हजार’, ‘शे’. लिहिताना तेच काम जागा करते. आणि रिकाम्या जागेला बोलण्यात शब्दच नाही! ‘तीन हजार, शून्य शतक, शून्य दशक, पाच’ असं कोण म्हणतं? त्यामुळे शून्य लिहायचं कशाला, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

यावर उपाय म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या पट्ट्या कापल्या. ३००० ची पट्टी चार घरांची, ४०० ची तीन घरांची, २० ची दोन, ५ ची एक. सगळ्या उजव्या कडेला जुळवून एकावर एक ठेवायच्या. ३००० वर नुसती ५ ठेवली की ३००५ दिसतं आणि मधली दोन शून्यं खालून डोकावतात. विस्तारित मांडणी पाठ करून जे वर्षभर झालं नव्हतं ते दोन तासिकांत झालं.

थोडा दोष आपल्या मराठीचाही आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना बरोब्बर उलटं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मला त्यामागचा हेतू पटतो. पण ‘एकोणतीस’ सोडवत नाही, कारण त्या शब्दात तीसला एक कमी हे हिशेबासकट सांगितलेलं आहे. २९ कुणाच्या जवळ, तर तीसच्या! आसन्न किंमत शिकवताना मी एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची सगळी फौज कामाला लावली. (नव्व्याण्णव तेवढा फितूर.)

दशांश चिन्ह आलं की नवीन दुखणं. ०.४५ मोठे की ०.६? अर्ध्याहून जास्त हात ०.४५ ला वर. कारण आपण सर्रास ‘पॉइंट पंचेचाळीस’ म्हणतो आणि पंचेचाळीस सहापेक्षा मोठेच की! ‘चार दशांश पाच शतांश’ म्हणायला लावलं तेव्हा गाडी रुळावर आली. त्यात क्रिकेटने भर घातलेली. ७.३ षटकं म्हणजे साडेसात षटकं, कारण तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक. ४५ धावांना ७.५ ने भागलं तर धावगती ६ येते, ७.३ ने भागलं तर ६.१६. तो टिंब दशांशाचा नाहीच, हे कळल्यावर मागच्या बाकावरच्या मंडळींना पहिल्यांदा गणितात रस आला.

आसन्न किंमत काढताना ‘पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा’ एवढंच सगळ्यांना पाठ असतं. २४४८ शंभराच्या जवळ आणायला सांगितले तर काही जण आधी २४५० करतात, मग २५००. संख्यारेषा काढा, २४४८ हे २४०० पासून ४८ वर आहेत आणि २५०० पासून ५२ वर. मग सांगा कोण जवळ? मधे एकदा थांबून पुन्हा निघालं की रस्ता चुकतो. आणि प्रत्येक ठिकाणी जवळचं घेऊनही चालत नाही. ११० मुलांच्या सहलीला ५० आसनी बस किती? २.२, म्हणजे जवळची संख्या दोन. एकाने उत्तर दिलं, “दादा, दोनच. उरलेले दहा उभे राहतील.” एसटीच्या अनुभवातून आलेलं उत्तर, खोडायचं कसं!

पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते वेगळंच आहे. सातवीतल्या एका मुलीची आई पुठ्ठा गोळा करून भंगारवाल्याला विकते. संध्याकाळी वजन होतं, इलेक्ट्रॉनिक काट्यावर १२.८ दिसतं आणि वहीत १२ लागतात. आसन्न किमतीचा धडा झाल्यावर ती एका आठवड्याची वजनं लिहून घेऊन आली : १२.८, ९.६, ११.७, १०.४, १३.९, ८.५. “दादा, हे तर तेरा व्हायला पाहिजेत ना?”

ती बेरीज आम्ही फळ्यावरच केली. खरं वजन ६६.९ किलो, वहीत ६३. किलोला दहा रुपये धरले तर आठवड्याला ३९ रुपये, वर्षाला दोन हजारांच्या वर. वर्ग एकदम गप्प झाला.

दशांश नुसता छाटला की तूट नेहमी एकाच बाजूला साचते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने हेच केलं होतं. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला निर्देशांक दर सौद्यानंतर काढायचा आणि तीन दशांशांपुढचं छाटून टाकायचं. दिवसात हजारो वेळा हे चालायचं. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२५ च्या आसपास घसरलेला, आणि नीट हिशेब केल्यावर निघाला १०९८ च्या वर! तिथे संगणक होता, इथे काटा, एवढाच फरक.

तिच्या आकड्यांना शाळेतला नियम लावला तर बेरीज ६८ येते, म्हणजे आता नुकसान भंगारवाल्याचं. आपल्या भारतीय मानकांमध्ये पहिलं, आय.एस. १, राष्ट्रध्वजाचं आणि दुसरं, आय.एस. २, संख्या राउंड ऑफ कशा करायच्या याचं आहे! त्यानुसार नेमका अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जायचं. ८.५ चे ८ होतात आणि बेरीज ६७. एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही, पण नेहमी वर किंवा नेहमी खाली का जायचं नाही ते पोरांच्या ध्यानात आलं.

मी म्हटलं, भंगारवाल्याशी बोलून बघतो. तिची आई नको म्हणाली. तो अडीअडचणीला उचल देतो, त्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही. यावर मार्ग मुलीनेच काढला. काट्यावर एका खेपेला जास्तीत जास्त किलोभर जातं ना, मग खेपाच कमी करायच्या! तीन-तीन दिवसांचा माल एकत्र केला तर ३४.१ चे ३४ आणि ३२.८ चे ३२. एकूण ६६. तूट ३.९ वरून ०.९ वर. मधल्या पायरीत राउंड ऑफ करू नका, शेवटी एकदाच करा, हे आपल्याला प्रॅक्टिकलला ओरडून सांगतात ते हेच, पण जर्नलमध्ये उतरवताना त्याची किंमत रुपयांत कधी दिसत नाही.

सध्या पुठ्ठा बुधवारी आणि शनिवारी जातो. भंगारवाल्याने काही विचारलेलं नाही. अडचण एकच आहे, तीस-पस्तीस किलो पुठ्ठा एका खोलीच्या घरात ठेवायचा कुठे. दाराबाहेर ठेवतात खरा, पण पावसाळ्यात भिजला तर त्याला दर मिळत नाही. जूनपासून दर दोन दिवसांनी न्यायचा की कसं, याचा हिशेब तिने मागच्या शनिवारी मला वहीत मांडून दाखवला. दोन दिवसांच्या खेपेतही तूट ०.९ च येते.