तरुण कातळावर पाणी नसतं

संध्याकाळी साडेसहाला आमच्याजवळ दीड लिटर पाणी उरलं होतं. माणसं तीन, त्यातली एक अकरा वर्षांची आणि दम्याची. कुकरमध्ये खिचडी तयार होती, घासायची भांडी पुढ्यात होती आणि पाण्याचा नळ सुमारे १५ किलोमीटर मागे राहिला होता. मार्च २०१६ मधली गोष्ट. हवाईच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात कुलानाओकुआइकी नावाचा तंबूतळ आहे. तिथे एक रात्र राहायचं म्हणून आम्ही गेलो आणि उजाडायच्या आत तिथून निघालो. कॅलिफोर्नियातल्या आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं आता हवाईला निघाली की मला हमखास विचारतात, काय काय न्यायचं? दरवेळी फोनवर अर्धंच सांगून होतं. म्हणून एकदा नीट लिहिते आहे.

सगळ्याचं मूळ पाण्यात होतं. उद्यानाच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं होतं: टेबल-बाक आहेत, कोरडा संडास आहे, पाणी नाही. मी ते वाचलं आणि मनात त्याचा अर्थ केला, नळ नाही. मी पुण्याची. कॉलेजात असल्यापासून दर पावसाळ्या-हिवाळ्यात सह्याद्री पालथा घातलेली. सिंहगडावर देवटाकं, राजगडावर पद्मावती तळं, हरिश्चंद्रगडावर तर टाकीच टाकी. काळा कातळ दिसला की कुठेतरी पाणी असणार, हे माझ्या पायांनाच ठाऊक होतं. आणि किलाउएआचा, म्हणजे त्या उद्यानातल्या ज्वालामुखीचा, दगडही बसाल्टच, आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा.

पण सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या भेगा आणि पोकळ्या खनिजांनी भरत गेल्या, लाव्ह्याचे जाड थर घट्ट बसले, म्हणून त्यात खोदलेलं टाकं उन्हाळ्यातही पाणी धरतं. किलाउएआचा कातळ त्याच्यापुढे कालचा. पावावर दिसतात तशी छिद्रं, हात जाईल अशा भेगा, खाली लाव्ह्याने सोडलेले बोगदे. पडलेला पाऊस सरळ पोटात जातो. डोंगर समुद्रातून वर आलेला, भोवती ढग, आणि तरी अंगावर ओढे-नाले जवळजवळ नाहीतच. उद्यानाला लागून असलेल्या व्होल्कॅनो गावात नेचे आणि झाडोरा इतका दाट आहे की कोकणाची आठवण व्हावी, पण तिथली घरंही छपरावरचं पाणी टाकीत साठवून राहतात. कुलानाओकुआइकी तर काऊच्या वाळवंटाच्या बाजूला. तिथे पाऊस कमी, आणि ज्वालामुखीच्या वायूमुळे जो पडतो तो आम्लधर्मी.

आम्ही सहा लिटर पाणी घेऊन निघालो होतो. दुपारी किलाउएआ इकीच्या विवरात उतरून साडेसहा किलोमीटरची फेरी मारली. १९५९ मध्ये तिथे लाव्ह्याचं तळं साचलं होतं, आता त्याच्या गोठलेल्या तळावरून वाट जाते आणि भेगांतून अजून वाफ येते. काळ्या जमिनीवर भर उन्हात तिघांनी तीन लिटर कधी संपवलं, कळलंच नाही. बाकीच्यात खिचडी शिजली, हात धुतले, चहा झाला.

माझा हिशेब आता असा आहे: माणशी दिवसाला चार लिटर नुसतं प्यायला, आणि कुटुंबामागे आणखी पाच लिटर हाता-तोंडाला. विवरातल्या फेरीचं पाणी वेगळं. सगळं उद्यानाच्या माहिती केंद्राच्या नळावर भरून मगच खालचा रस्ता धरायचा. आणि तळावर स्वयंपाक करायचा नाही. आपल्या आज्यांनी प्रवासाचं खाणं ठरवताना पाण्याचाच विचार केला होता. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, यांना ना शिजवायला पाणी लागतं ना ताट विसळायला. एवढं घरात शिकलेलं असूनही मी तिथे कुकर घेऊन गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. चहापुरती गॅसची छोटी शेगडी चालते, लाकडं पेटवायला मात्र मनाई आहे. शेगडीचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथल्या हिलो शहरातच विकत घ्यावा लागतो.

तंबूचीही तशीच तऱ्हा. पसरलेल्या खडीखाली चार बोटांवर कातळ. पहिली मेख दगडाने ठोकली ती कोपरात वाकवलेल्या हातासारखी वाकली. दुसरी अर्धी गेली आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर उपटून आली. आठपैकी तीनच कशाबशा बसल्या. तळ सुमारे तीन हजार फुटांवर, सगळा उघडा माळ, आडोशाला झाड म्हणाल तर खुरटी ओहिआ. रात्री अंगावर स्वेटर असूनही कुडकुडायला होतं. हवाई म्हणजे समुद्रकिनारा असं समजून आम्ही पातळ चादरी नेल्या होत्या. तिथे मेखांशिवाय उभा राहणारा, कमानदार काड्यांचा तंबू हवा. सोबत लांब दोऱ्या हव्यात, एक गाडीच्या चाकाला, एक टेबलाच्या पायाला. तंबूच्या चारी कोपऱ्यांत आतून जड सामान ठेवायचं. आजूबाजूचे दगड उचलून दाबायचे नाहीत. उद्यानाचा तसा नियम आहे, आणि स्थानिक लोकांसाठी ती ज्वालामुखीच्या पेले देवीची भूमी आहे. आपल्या देवस्थानातला दगड आपण उचलतो का?

अंधार पडायच्या आधी लेकीने टेबलाच्या फटीतून सोनेरी धाग्यांचा एक पुंजका काढून दाखवला. वाळलं गवत वाटलं. मी हातात घेतला आणि बोटात कुसळ गेलं. ते गवत नव्हतं, काच होती. उसळत्या लाव्ह्याचे थेंब वाऱ्याने ताणले जातात आणि त्यांचे केसासारखे बारीक धागे होतात. त्यांना पेलेचे केस म्हणतात. ते वाऱ्याबरोबर लांबवर येऊन पडतात. म्हणून अन्न आणि पाणी उघडं ठेवायचं नाही, मुलांचे हात डोळ्याला लागू द्यायचे नाहीत. पण त्या पुंजक्याने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी ऐकली नाही. केस इथवर आले, म्हणजे तिकडचा वारा इथे येतो.

उत्तरेला, हालेमाऊमाऊ विवरात तेव्हा लाव्ह्याचं तळं होतं. २००८ पासून २०१८ पर्यंत ते होतं. संध्याकाळी त्याची लाली ढगावर दिसली तेव्हा आम्ही तिघं हात धरून बघत उभे होतो. त्याच तळ्यातून गंधकाचा वायू, सल्फर डायऑक्साइड, अखंड निघत असे. एरवी ईशान्येचे वारे तो नैर्ऋत्येला काऊवर नेत. त्या रात्री दोनच्या सुमाराला वारा उत्तरेचा झाला.

लेकीनेच उठवलं. म्हणाली, "आई, घशात काडेपेटीची काडी ओढल्यासारखं होतंय." याहून अचूक वर्णन मी अजून कुठे वाचलेलं नाही. सडक्या अंड्याचा वास निराळ्या वायूचा. हा वायू काडीसारखाच झोंबतो, कारण नाका-घशातल्या ओलाव्यात विरघळून त्याचं आम्ल होतं. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या अगदी थोड्या वायूनेही आवळतात. तिला खोकल्याची ढास लागली आणि इन्हेलर गाडीच्या डिकीत, सुटकेसच्या तळाशी. विजेरीच्या उजेडात मी कपडे बाहेर फेकत होते. ती दोन-तीन मिनिटं मी विसरलेली नाही.

दम्याचं माणूस बरोबर असेल तर इन्हेलर झोपताना अंगावरच्या कपड्याच्या खिशात. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावलेली, किल्ली ठरल्या जागी. वास आला की तंबूत तोंड झाकून पडून राहायचं नाही. आपण कोविडमध्ये लावायचो तो एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही, ओला रुमालही पुरा पडत नाही. सगळ्यांनी गाडीत बसायचं, काचा बंद, एसीची बाहेरची हवा बंद, आणि निघायचं. तंबू मागे राहिला तर राहू दे. उद्यानातल्या वायूच्या नोंदी इंटरनेटवर ठिकाणवार दिसतात, त्या आणि वाऱ्याची दिशा संध्याकाळी पाहून घ्यायची. आमच्या फोनला तळावर रेंज नव्हती, म्हणजे ते काम वर असतानाच उरकायला हवं होतं. आणि दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा तान्हं मूल असेल तर, उद्रेक चालू असताना त्या तळावर राहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसा फिरा, रात्री हिलोत झोपा.

काही जण विचारतात, मग खाली समुद्राकाठच्या तळांवर गेलं तर? हालापे सुंदर आहे, तिथे छपराच्या पाण्याची टाकीही आहे. पण तिथे परवाना लागतो, लांब चालावं लागतं, आणि २९ नोव्हेंबर १९७५ ची पहाट माहीत असावी लागते. पहिल्या भूकंपाने कड्यावरून दगड कोसळले, म्हणून तिथे झोपलेली माणसं कड्यापासून दूर, समुद्राकडे सरकली. तासाभराने त्याहून खूप मोठा भूकंप झाला, किनारा जवळजवळ साडेतीन मीटर खचला आणि समुद्र आत आला. दोन माणसं गेली. तिथे जमीन जोरात हलली तर लाटेची वाट न बघता लगेच चढाला लागायचं.

हिलोला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. रस्ता एका गाडीपुरता अरुंद, आणि त्यावर नेने असतात, फक्त हवाईतच आढळणारे हंसाच्या कुळातले दुर्मीळ पक्षी, म्हणून नवऱ्याने एवढ्या घाईतही गाडी हळूच चालवली. समुद्राच्या हवेत लेकीचा श्वास मोकळा झाला आणि ती माझ्या मांडीवर झोपली.

सकाळी दहाला वारा पुन्हा ईशान्येचा झाल्याची खात्री करून आम्ही तंबू आणायला परत गेलो. तो टेबलाला अडकून पडला होता, एक कोपरा फाटलेला. दोन नेने दहा पावलांवर चरत होते. मेखा मोजल्या तर सातच भरल्या. लोखंडाचा तुकडा पाखरांच्या वाटेत टाकून जायचं नव्हतं, म्हणून तिघं वाकून खडी चाळत राहिलो. आठवी मेख लेकीला सापडली, वाकलेली, कातळाच्या भेगेत उभी अडकलेली. तिने ती ओढून काढली, भेगेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "आई, आत अगदी कोरडं आहे गं."